वहिनींच्या बाजूची पट्टी

गेले दोन-अडीच महिने काही लिहिणं झालं नाही. पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. घरात काम काढलं होतं. काम म्हणजे काय, तर भिंतीत एक दार. ऐकायला एवढंसं वाटतं. पण ज्यांनी जुन्या घरात एकदा छिन्नी लावून बघितली आहे त्यांना कळेल की दार लागतं आठ दिवसांत, आणि त्याच्या कडा निस्तरता निस्तरता माणूस मेटाकुटीला येतो.

नातेवाईक मंडळींना आमचं घर माहीत आहेच, इतरांसाठी थोडं सांगतो. आम्ही जुन्या पनवेलातले. पनवेलला नगरपालिका १८५२ साली झाली, आणि १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. म्हणजे कागदोपत्री आम्ही महानगरात राहतो. प्रत्यक्षात आमच्या आळीत अजून कौलं आहेत, मागच्या अंगणात विहीर आहे, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते ती दसऱ्यापर्यंत जात नाही. घर आजोबांनी बांधलेलं, सागाच्या खांबांचं. पुढच्या दाराला गणेशपट्टी आहे, तिच्यावरचा गणपती रंगाचे इतके हात खाऊन बसलाय की आता त्याची सोंड नुसती चाचपून कळते.

१९८५ साली वडील गेले. १९८७ च्या मे महिन्यात घराच्या बरोबर मधोमध विटांची भिंत उभी राहिली. माजघराचे दोन तुकडे झाले. इकडचा माझा, तिकडचा दादाचा.

वाटणी का झाली ते आता लिहीत नाही. दोघांच्याही बाजूने सांगण्यासारखं होतं, आणि सांगून सांगून ते गुळगुळीत झालंय. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ती सांगतो. गवंड्याने विचारलं होतं, भिंत साडेचार इंची की नऊ इंची? दादा म्हणाला, साडेचार पुरे. वर कसला भार नाही, वासे खांबांवर आहेत, नुसता आडोसा तर करायचाय. मी म्हणालो, नऊ. का, तर तिकडचा आवाज इकडे यायला नको. दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जास्तीच्या विटांचे पैसे तू दे." मी दिले. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि सातवीच्या मुलांना बंधुभावावर निबंध लिहायला सांगत होतो. असो.

माझ्या बाजूला आठवड्यात गिलावा झाला, चुना झाला. दादाने गिलावा केलाच नाही. त्याच्याकडून विटा तशाच राहिल्या, लाल, उघड्या. रविवारी तो स्वतः थापी घेऊन बसायचा आणि विटांच्या दरजा भरायचा. रसायनीच्या नोकरीत हप्त्याला एकच सुट्टी, ती त्याने त्या भिंतीत घातली. चार-पाच रविवार. थापीचा खरखर आवाज नऊ इंचांतून मला नीट ऐकू यायचा.

पुढे बोलणं सुरू झालं. लग्नकार्य, आजारपण, गणपती, सगळं एकत्र. पण भिंत होती तिथंच. २६ जुलै २००५ ला आळीत पाणी शिरलं, वीज गेली, बाहेर पाऊल टाकता येईना. तेव्हा मध्यरात्री भिंतीवर तीन ठोके आले. मी तीन उलटे दिले. रात्रभर तासा-तासाला हे चाललं. सकाळी पाणी उतरल्यावर आम्ही दोघं दारात उभे होतो, त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

दादा २०११ मध्ये गेला. पुतण्या सिंगापूरला. वहिनी तिकडे एकट्या. गेल्या जुलैत त्या रात्री मोरीत घसरल्या. सरपटत माजघरापर्यंत आल्या आणि तांब्याने भिंत ठोकायला लागल्या. मी जागा झालो, धावत बाहेरून वळसा घालून त्यांच्या दाराशी गेलो, तर दाराला आतून अडसर! आजोबांच्या काळचा सागवानी अडसर तो, तुटतोय कसला. शेवटी शेजारच्या मुलांनी मागच्या बाजूची कौलं काढून आत उडी टाकली. पाऊण तास गेला. मनगट मोडलं होतं, खुबा वाचला. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला, "काका, त्या भिंतीत एक दार काढाल का?"

दिवाळी झाल्यावर काम काढलं. मिस्त्री म्हणजे माझाच एक जुना विद्यार्थी. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा, आज स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, चार माणसं हाताखाली. मराठीच्या पेपरात कधी पस्तीसच्या वर गेला नाही. पण ओळंबा सोडून भिंतीकडे एक डोळा मिटून बघतो तेव्हा वाटतं, मीच याच्या हाताखाली शिकायला हवं होतं.

विटांची भिंत फोडून दार काढायचं म्हणजे आधी डोक्यावरचं बघायचं. सगळं फोडून मग वर लिंटेल ठेवला तर वरच्या विटा तोपर्यंत थांबत नाहीत. म्हणून एका बाजूने भिंतीच्या निम्म्या जाडीत खोबण केली, त्यात एक लिंटेल बसवला, दोन्ही टोकं सहा-सहा इंच भिंतीत. चार दिवस जाऊ दिले. मग दुसऱ्या बाजूने तसाच दुसरा. त्यानंतर खालच्या विटा काढल्या. तीन फूट रुंद, सात फूट उंच एवढ्या जागेत जवळजवळ अडीचशे विटा निघाल्या. नऊ इंची भिंत ना! साडेचारची असती तर निम्म्या निघाल्या असत्या, हे मिस्त्रीने सहज बोलून दाखवलं. मी काही बोललो नाही.

विटा हाताने थापलेल्या, भट्टीच्या. एकीवर चार बोटांचे ठसे होते, ओल्या विटेला कुणीतरी उचलताना उमटलेले. बोटं लहान होती. आमच्या रायगडातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तेव्हाही जात होती, आजही जातात. ती मुलं शाळेच्या पटावर असतात आणि वर्गात नसतात, हे मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितलं. ती वीट वहिनींनी बाजूला काढून ठेवली आहे, तुळशीजवळ.

चौकट लाकडाची नको असं सगळ्यांचंच मत पडलं. मागच्या दाराची चौकट वाळवीने आतून अशी खाल्ली होती की वरचा रंग तेवढा उभा होता. म्हणून पत्र्याची घेतली, जस्ताचा मुलामा असलेली, अठरा गेजची. पत्रा कळंबोलीहून आला. मुंबईतला लोखंडाचा बाजार हलवायचा म्हणून सिडकोने वसवलेला तो बाजार आमच्या उशाशीच आहे. चौकटीला दोन्ही अंगांना तीन-तीन होल्डफास्ट, आत मसाला ठासून भरलेला. दार लागलं. माझ्या बाजूला चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये बोटभर फट होती, तिच्यावर दीड इंची सपाट पट्टी आली. गिलावा सपाट, पट्टी सपाट, एका सकाळीत काम फत्ते. आमच्या हिने लगेच तोरण लावलं. मिस्त्रीचे पैसे दिले, पेढे दिले.

आणि इथंच माझं चुकलं. चौकट चार-साडेचार इंच खोल, भिंत नऊ इंच. चौकट माझ्या बाजूला भिंतीशी सपाट बसवली. म्हणजे वहिनींच्या बाजूला उरलेले चार-साडेचार इंच कापलेल्या विटांचे उघडे राहिले. कुठं अर्धी वीट, कुठं तुकडा, कुठं नुसता मसाला. हे मिस्त्रीने मला विचारलं होतं, "सर, चौकट कुठल्या अंगाला धरू?" आणि मी म्हणालो होतो, "इकडे धर, दिसायला बरं." मला खरंच वाटलं नव्हतं की तिकडे काय दिसेल.

तीन आठवडे मला ते कळलं नाही. दार झाल्यावर वहिनीच इकडे यायच्या. चहाला, मालिका बघायला, हिच्याबरोबर भाजी निवडायला. मला तिकडे जायचं काही कारण पडलं नाही. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी हिने नैवेद्याचं ताट दिलं, म्हणून दारातून पलीकडे गेलो. बघतो तर दाराच्या तिकडच्या कडांवर वहिनींनी जुन्या साडीचे तुकडे टाचण्यांनी लावून ठेवले होते. दोन्ही बाजूंना आणि वर. नीट, झालरीसारखे. खाली सुपलीत केर होता, तांबडा. विटांची पूड.

"हे काय वहिनी?"

"काही नाही हो भाऊजी. जरा खपल्या पडतात. रोज झाडलं की झालं."

"मग सांगायचं नाही का?"

"दार झालं ना, आणखी काय सांगायचं? तुमचा खर्च काय कमी झालाय?"

मी साडीचा तुकडा उचलून बघितला. छिन्नीने तुटलेल्या विटेची कड हाताला लागली आणि भुगा झाली. ताट तिथंच ठेवून मी मिस्त्रीला फोन लावला.

आता मूळ विषयाकडे येतो. चौकटीभोवतीच्या या पट्टीला मराठीत शब्द काय? मिस्त्री 'आर्केट्रेव' म्हणतो. त्याच्या माणसांपैकी एक 'पट्टी' म्हणतो, दुसरा 'मोल्डिंग'. आपल्याकडे चौकटीच्या वर गणेशपट्टी आहे, खाली उंबरठा आहे, पण चौकट आणि भिंत यांच्यामधल्या जागेला मला तरी नाव सापडलं नाही. पूर्वी चौकट आधी उभी करायचे आणि भिंत तिच्या अंगाने चढवत न्यायचे, तेव्हा मधे झाकण्यासारखं फार उरतच नसावं. भिंत आधी आणि दार मागाहून, ही पाळी क्वचितच यायची.

मिस्त्रीने पाहणी केली आणि म्हणाला, सोपं आहे, कडेने सहा इंचांचा गिलाव्याचा पट्टा मारू, त्यावर पट्टी. गिलावा सपाट झाला की पुढचं सगळं सोपं. वहिनी पहिल्यांदाच ठाम बोलल्या. "गिलावा नको. ह्यांच्या दरजा आहेत त्या." मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, गिलावा नको.

मग उघड्या विटांवरच पट्टी बसवायची ठरली. आणि उघडी वीट म्हणजे काय चीज आहे हे तेव्हा कळलं. लांबून भिंत सरळ दिसते. सरळ फळी टेकवा, मग बघा. एक वीट दोन सूत पुढे, दुसरी मागे, मधली दरज आत दबलेली. फळी चार ठिकाणी टेकते आणि बाकी अधांतरी. मिस्त्रीने पत्र्याची एल पट्टी वाकवून आणली. एक अंग चार-साडेचार इंच, ते आतल्या तुटक्या विटा झाकणार. दुसरं अंग दीड इंच, ते भिंतीच्या तोंडावर येणार. दीड इंचाच्या मध्यावर भोक, म्हणजे विटेच्या तुटक्या कडेपासून पाऊण इंचावर. ड्रिल लावलं आणि विटेची कड कपच्यासारखी निघून आली. दुसरीकडे लावलं, तीच गत. शिवाय त्याच्या माणसाने ड्रिलची ठोका मारणारी कळ चालू ठेवली होती. काँक्रीटला ती लागते, पण जुन्या विटेला तिने भोक पडण्याऐवजी वीटच फुटते.

पट्टी परत गेली. भिंतीवरचं अंग तीन इंची करून आणलं, म्हणजे स्क्रू कडेपासून दोन-सव्वादोन इंच आत, धड विटेत जाईल. ठोका बंद, नुसतं फिरवून भोक. आत प्लास्टिकची गिट्टी, मग स्क्रू. या वेळी विटा टिकल्या. पण माणसाने उत्साहाच्या भरात स्क्रू करकचून आवळले. जिथं पट्टीमागे पोकळी होती तिथं पत्रा आत ओढला गेला. काम झाल्यावर वहिनींनी माजघरातला दिवा लावला आणि तिरप्या उजेडात ती पट्टी पापडासारखी दिसायला लागली. कुणी काही बोललं नाही. मिस्त्रीने स्वतःच पाना हातात घेतला आणि सगळं उतरवलं. शेवटच्या बाकावरचा मुलगा, पण स्वतःची वही स्वतः तपासतो!

तिसऱ्या खेपेला ते जमलं. आधी ओळंबा सोडून भिंतीवर पेन्सिलीने उभी रेघ मारली. उघड्या जागेची कड सात फुटांत अर्ध्या इंचाने कललेली होती. पट्टीने त्या कडेच्या मागे जायचं नाही, ओळंब्याच्या मागे जायचं, नाहीतर दार सरळ असूनही वाकडं दिसतं. मग जिथं जिथं स्क्रू येणार तिथं पट्टीच्या मागे प्लास्टिकच्या चकत्या दिल्या, पोकळी असेल तेवढ्या. स्क्रू नुसता टेकेपर्यंत, पुढे अर्धा आटा नाही. वरची पट्टी आणि बाजूच्या पट्ट्या कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांत कापल्या. खाली जमिनीपासून पट्टी अर्धा इंच वर ठेवली, कारण रोजच्या फरशी पुसण्याचं पाणी पत्र्याच्या बुडाला लागलं की गंज तिथूनच चढतो. कापलेल्या कडांवर जस्ताचा मुलामा राहत नाही, आतलं लोखंड उघडं पडतं. म्हणून आधी कानस मारून कडा मऊ केल्या आणि त्यांना जस्ताचा रंग लावला. वहिनींचा पदर अडकू नये ही त्यातली मुख्य सूचना आमच्या हिची.

आता राहिली फट. पट्टी सरळ, विटा वाकड्या, म्हणजे मधे कुठं सूतभर, कुठं पाव इंच फट राहणारच. मिस्त्रीच्या माणसाने पांढऱ्या सिमेंटने ती भरून टाकली. छान दिसली. आठ दिवसांत पट्टीच्या अंगाने केसासारखी चीर पडली, मग खपल्या निघायला लागल्या. पुन्हा वहिनींच्या हातात सुपली.

हे असं का होतं, ते मला माझ्या लहानपणीच्या पनवेलने समजावलं. पनवेलच्या बैलगाड्यांची चाकं एके काळी नावाजलेली होती. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही त्या धंद्याचा उल्लेख आहे (कुलाब्याचं रायगड १९८१ साली झालं). शाळेतून येताना आम्ही पोरं धाव चढवण्याचा खेळ बघत उभी राहायचो. धाव म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहानच करायची. गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवायची, तापली की ती फुगते, मग चौघांनी सांडशींनी धरून चाकावर उतरवायची आणि वर पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचं, आणि आकसलेली धाव चाकाला अशी बसायची की खिळ्याची गरज नाही. लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आकसतं, हे मी विज्ञानाच्या पुस्तकात शिकण्याआधी तिथं बघितलं होतं.

आमच्या पट्टीचंही तेच, फक्त बारीक प्रमाणात. सात फुटांचा पत्रा थंडीच्या पहाटेपासून वैशाखाच्या दुपारपर्यंत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने लांब होतो. वीट त्याच्या निम्म्यानेच वाढते. पावसाळ्यात वीट पाणी पिऊन फुगते ते वेगळंच. दोघांचं वाढणं सारखं नाही आणि मधे कडक सिमेंट, मग ते फुटणार नाही तर काय होईल? तिथं काहीतरी ताणणारं हवं. आधी फटीत फोमची बारीक दोरी दाबायची, म्हणजे वरचं सीलंट फार खोल जात नाही आणि दोन कडांनाच चिकटून राहतं. मग वरून सीलंट.

सीलंटमध्येही एक गोम निघाली. पहिली नळी आणली तिला सिरक्यासारखा भपकारा. पत्र्याच्या एका तुकड्यावर लावून बघितलं तर काही दिवसांत त्याच्या कडेने जस्त पांढरं पडलं. सिरक्याचा वास म्हणजे आम्ल, आणि जस्ताला आम्ल चालत नाही. चिंचेचं सार आपण कल्हई नसलेल्या पितळेत ठेवत नाही, तसंच. नळीवर 'न्यूट्रल' लिहिलेलं असतं ते घ्यायचं, त्याला तसा वास नसतो. दुसरं म्हणजे या सिलिकॉनवर रंग धरत नाही. म्हणून आधी पट्टी रंगवायची, मग फट भरायची. आणि भरताना विटांवर कागदी चिकटपट्टी लावायची. पत्र्यावरचा डाग पुसता येतो, वीट तो पिऊन टाकते आणि जन्मभर दाखवते.

रंगाचीही एक खोड आहे, तीही सांगून टाकतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जस्ताच्या पत्र्यावर थेट तेलाचा रंग मारला तर तो वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो. रंगातलं तेल आणि जस्त मिळून खाली साबणासारखा थर तयार होतो. आमच्या मागच्या दाराच्या पत्र्यावर मी दर दिवाळीला रंग लावायचो आणि दर गणपतीला खरवडायचो, कारण आज कळलं. जस्तासाठी वेगळा प्रायमर मिळतो, तो आधी लावायचा.

रंग कुठला, ते वहिनींना विचारलं. मला वाटलं विटांशी जुळणारा तांबूस सांगतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाजूला कोणता दिलाय?"

"फिका पिवळा. भिंत तशी आहे म्हणून."

"मग इकडे तपकिरी द्या. जुन्या चौकटींसारखा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यांना तो पिवळा कधी आवडला नव्हता."

तो पिवळा दादाने फार तर दहा-बारा वेळा बघितला असेल. आवडला नव्हता हे मला माहीत नव्हतं.

पट्टी बसवताना एक गोष्ट झाली, ती लिहायची की नाही याचा दोन दिवस विचार केला. पेन्सिलीची रेघ मारायला मिस्त्रीने भिंत ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा दाराच्या उजव्या अंगाला, खांद्याएवढ्या उंचीवर, एका दरजेत मसाला वेगळा दिसला. बाकी दरजा थापीने ओढलेल्या, सफाईदार. ही एक मात्र बोटाने दाबल्यासारखी. मिस्त्रीने खिळ्याने जरा खरवडलं तर तो सिमेंटचा मसाला नव्हताच, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी होती, रंग देऊन विटेसारखी केलेली. खरवडल्यावर आत एक सळीएवढं भोक निघालं. माझ्या बाजूच्या गिलाव्याच्या अलीकडे संपणारं.

"हे काय हो वहिनी?"

"ते होय? ह्यांनी पाडलं होतं. तुमच्या आईंच्या शेवटच्या दिवसांत. आई तुमच्याकडे होत्या ना तेव्हा. ह्यांना रात्री कळायला हवं असायचं, खोकतायत की झोपल्या. कान लावून बसायचे इथं. आई गेल्यावर बुजवलं."

आई १९९४ साली गेली. तेव्हा दादा रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसायचा, नऊ वाजले की उठून जायचा. "राहा ना आजची रात्र" असं मी त्याला म्हणालो होतो का, हे मी बराच वेळ आठवून बघितलं. म्हटल्याचं आठवत नाही.

मिस्त्री ताटकळत उभा होता. ते भोक नव्या पट्टीच्या बाहेर दोन बोटं राहत होतं. पट्टी पाच इंची केली असती तर झाकलं गेलं असतं, आणि त्याने तसं विचारलंही. वहिनी म्हणाल्या, "तीनचीच असू दे." मिस्त्रीने भोकात बोट घालून आतली माती काढली आणि पुढच्या कामाला लागला.

कडी कुठल्या बाजूला हाही प्रश्न होताच. माझ्या बाजूला कडी लावायची नाही हे मी आधीच सांगून टाकलं होतं. वहिनींच्या बाजूला एक छोटी कडी आहे, हाताला लागेल अशी, मोडलेल्या मनगटालाही सरकवता येईल अशी. बाईमाणूस एकटं राहतं, त्यांना हवी तेव्हा लावतील. रात्री पाणी प्यायला उठतो तेव्हा दाराला हलकेच बोट लावून बघतो. आजवर ती लावलेली नव्हती. बोट लावल्याचं त्यांना कळतं की काय कोण जाणे, एकदा आतून आवाज आला, "जागी आहे हो भाऊजी, झोपा."

प्रायमर झालाय, तपकिरीचा पहिला हात झालाय. वरच्या उजव्या कोपऱ्यात पंचेचाळीसचा कट किंचित उघडा राहिलाय, नखभर, तो लांबीने भरून घासायचा आहे. दुसरा हात झाला की मग फट भरायची. सीलंटच्या तीन नळ्या आणि फोमची दोरी वहिनींच्या फडताळात ठेवली आहे. रंगारी मंगळवारी येतो म्हणालाय. कुठल्या मंगळवारी ते मी विचारलेलं नाही.